आरटीएक्स ५०७० टीआय की आरएक्स ९०७० एक्सटी?

प्रश्न : माझ्या पीसीत रायझन ५ ५६००, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि १४४०पी मॉनिटर आहे. गेमिंगसाठी यांपैकी कोणतं कार्ड घेऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही कार्डं २०२५ मधली. मेमरी दोन्हींत १६ जीबी, विजेची गरजही जवळपास सारखी : एनव्हिडियाचं ३०० वॅट, एएमडीचं ३०४. रे ट्रेसिंग बंद ठेवून खेळलात तर १४४०पीवर फरक फारसा जाणवणार नाही. ‘सायबरपंक २०७७’मध्ये पाथ ट्रेसिंग चालू केलंत, की ५०७० टीआय स्पष्टपणे पुढे जातं. डीएलएसएस चालणारे गेमही जास्त आहेत आणि ब्लेंडरमध्ये काम करत असाल तर तेच घ्या.

फक्त खेळायचं असेल, तर माझं मत ९०७० एक्सटीला. जाहीर झाली तेव्हा किंमत ५९९ डॉलर होती, दुसऱ्याची ७४९. दुकानात आजही तसाच फरक दिसला, तर वाचलेले पैसे पॉवर सप्लायमध्ये घाला. दोन्ही कंपन्या ७५० वॅटची शिफारस करतात. तिथे काटकसर नको.

८ पिनच्या प्रत्येक जोडणीला शक्यतो स्वतंत्र केबल द्या. १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत बसला आहे, फट राहिलेली नाही, हे डोळ्यांनी पाहा. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळू शकतो. कार्ड घेण्याआधी कॅबिनेटमधली जागाही मोजा, बरीच मॉडेल्स ३०० मिलिमीटरहून लांब आहेत. प्रोसेसर मात्र तूर्त बदलू नका.