बांधावरील हरळी व शेतातील हरळी

गणेश चतुर्थीस जो शेतकरी दूर्वांच्या एकवीस जुड्या भक्तिभावाने वाहतो, तोच पुढे कांद्याच्या वाफ्यात खुरपे घेऊन बसला म्हणजे हरळीच्या नावाने बोटे मोडतो. वनस्पती मात्र एकच. ती कोठे राखावी व कोठून हुसकावी, याचा विचार घोडेगाव परिसरातील बागायतदारांनी अवश्य करावा.

हरळी हे भुईलगत पसरणारे बहुवर्षायू गवत होय. ओल असेल तेथे ते बारमाही हिरवे राहते. ओल तुटली की वरून वाळते. परंतु जमिनीतील काशा जिवंत असतात व पहिल्या पावसाबरोबर फुटतात. हिच्या पेऱ्यापेऱ्यास मुळे सुटतात. गुण म्हणा की दोष, तो हाच.

घोडेगाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. येथे पाऊस थोडा. पण पुष्कळदा तो एकदम कोसळतो आणि उघड्या मातीचा बांध धुऊन नेतो. त्याच बांधावर हरळीचे जाळे असेल तर मुळे माती धरून ठेवतात व वरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग मोडतो. सांडव्याच्या तोंडाशी तर हिच्यासारखे स्वस्त अस्तर नाही. पावसाळ्याच्या आरंभी दोन-तीन पेऱ्यांचे काशांचे तुकडे ओल्या मातीत फुटा-फुटावर दाबून लावावेत व पहिला हंगाम तेथे जनावरे सोडू नयेत. पुढे चराई व तुडवण हे गवत चांगले सोसते. जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेल्या या गावास चाऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको. मुळा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ज्या जमिनी खारवट अथवा चोपण झाल्या असतील, तेथेही हरळी बऱ्यापैकी तग धरते.

शेतात मात्र तिची गय करू नये. कांद्याची मुळे उथळ असतात. हरळी त्यांच्या तोंडचे पाणी व खत पळविते. खुरपणीने वरचा शेंडा तुटतो, काशी तशीच राहते. ओल्या रानात कुळव फिरविणे तर त्याहून वाईट. काशांचे तुकडे होतात, ते फासाबरोबर रानभर ओढले जातात आणि प्रत्येक तुकडा नवे बेट धरतो. पुष्कळांच्या रानात हरळी अशा रीतीने आपल्याच हातांनी पसरलेली असते.

यास्तव उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे तापू द्यावीत व उघड्या पडलेल्या काशा वेचून रानाबाहेर वाळवाव्यात. त्या शेणखताच्या खड्ड्यात ओल्या टाकू नयेत. भारी काळ्या जमिनीत काशा नांगराच्या तासाखालीही उतरलेल्या असतात. तेव्हा एका वर्षात काम पुरे होईल असे समजू नये. हरळीस सावली सोसत नाही. म्हणून नांगरटीनंतर पावसाळ्यात ताग दाट पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडल्यास उरलेली हरळी दबते व हिरवळीचे खतही मिळते.

बांधावर हरळी राखणाऱ्याने बांधाच्या पायथ्याशी हातभर पट्टा मोकळा ठेवावा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास त्या पट्ट्यात उतरलेले धुमारे कुदळीने मुळासकट काढून गुरांपुढे टाकावेत.