चॉकलेटी पैठणी

नवरीच्या आईनं अल्बमचं एक पान उघडलं, जरा वेळ पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं, चहा येतोय. त्या आल्या ते कपाटातली पैठणी घेऊन. सुती कापडातून साडी सोडवली, पदर थेट फोटोवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, माझी पैठणी वांगी रंगाची आहे. ही चॉकलेटी कुणाची?"

पदर आणि फोटो शेजारी शेजारी. वाद घालायला जागाच नव्हती. मग बाकीची पानंही त्याच नजरेनं दिसायला लागली. हळद केशरी झालेली, मुंडावळ्यांचे मोती पिवळट, मांडवाच्या कोपऱ्यात उभे असलेले मामा अंधारात गडप. घरी संपादन करताना यातलं काहीच मला दिसलं नव्हतं. उलट आपण रंग काय सुंदर काढलेत म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

तासगावात माझं फोटोचं काम. अल्बम छापायला कोल्हापूरला जातात. दुसऱ्या दिवशी अल्बम काखोटीला मारून लॅबमध्ये भांडायला गेलो. ऑपरेटरनं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही करेक्शन नको म्हणून लिहून दिलं होतं. तशीच मारली," म्हणाला आणि माझी फाइल त्याच्या पडद्यावर उघडली. पैठणी चॉकलेटीच होती. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली माझी गत. लॅबचं अंगण सरळ होतं. ऑपरेटरनं एवढंच विचारलं, "मॉनिटर नवीन घेतलाय का?"

घेतला होता, तीन महिन्यांपूर्वी. दुकानात सात-आठ मॉनिटर ओळीनं मांडलेले, सगळ्यांवर एकच पोपट आणि धबधब्याचा व्हिडिओ. त्यातला सर्वांत झगझगीत, सत्तावीस इंची, वर शेजारच्या साध्या दिसणाऱ्या चोवीस इंचीपेक्षा दोन हजारांनी स्वस्त. मोठा, झळाळता आणि स्वस्त, अजून काय पाहिजे? हे दोन हजार वाचवले आणि अल्बम पुन्हा छापून द्यायला साडेसहा हजार घातले.

चूक कशी झाली ते नीट सांगतो, कारण तीच चूक अनेकजण करतात. दुकानातून येतो तेव्हा मॉनिटरची ब्राइटनेस बहुधा टोकाला असते आणि पांढरा रंग निळसर असतो, म्हणजे गिऱ्हाइकाचे डोळे दिपतात. मी घरी आणून तसाच वापरायला घेतला. पडदा निळसर, म्हणून मी प्रत्येक फोटोत पिवळं भरत गेलो. पडदा लख्ख, म्हणून फोटो गडद करत गेलो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. तिथं माझं पिवळं आणि माझा अंधार तेवढा उतरला. जांभळ्यात पिवळं पडलं की तपकिरी होणारच. त्यात तो पॅनेल टीएन जातीचा. खुर्चीत जरा मागं-पुढं झालो की गडद भाग कधी उजळ दिसायचा, कधी काळा. मामा तसेच हरवले.

आता गाठीशी आलेलं सांगतो.

पहिली गोष्ट पॅनेलची. बजेट कमी असलं तरी आयपीएस घ्या. व्हीए पॅनेलचा काळा गडद असतो, सिनेमाला छान, पण बाजूनं पाहिलं की गडद छटा हलतात. दुकानात पेन ड्राइव्हवर स्वतःचे दोन फोटो न्या, एक चेहऱ्याचा आणि एक काळ्या कोटाचा. बसून बघा, उभं राहून बघा, बाजूला सरकून बघा. चेहरा आणि कोटाच्या घड्या होत्या तशाच राहिल्या तर पुढं बोला. पोपटाच्या व्हिडिओवर काही ठरवू नका, पोपट सगळ्यांवर हिरवाच दिसतो.

दुसरी गोष्ट रंगांची व्याप्ती. एसआरजीबी हे १९९६ साली पुढं आलेलं माप अजूनही आपल्या पोटापाण्याचं माप आहे. लॅबला जाणारी जेपेग फाइल, गिऱ्हाइकाचा मोबाइल, लग्नाची इन्स्टाग्राम पोस्ट, बहुतेक सगळं त्याच्याच हिशोबानं चालतं. म्हणून माहितीपत्रकात '९९ टक्के' किंवा '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलंय का ते बघा. काही ठिकाणी 'एनटीएससी' असं माप देतात. ते १९५३ सालच्या अमेरिकी टीव्हीचं. तिथं ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, आणि ४५ टक्के म्हणजे त्याचे जेमतेम साठ-बासष्ट टक्के. स्वस्त लॅपटॉपचे पडदे बरेचदा या ४५ वाल्या गोतातले असतात. त्यांच्यावर वांगी आणि डाळिंबी या दोन रंगांत भांडण लागतं.

अडोब आरजीबी या त्याहून मोठ्या मापाच्या मागं मात्र उगाच धावू नका. तुमची लॅब ती फाइल घेत नसेल तर जास्तीचे पैसे पाण्यात. शिवाय मोठ्या व्याप्तीच्या मॉनिटरला एसआरजीबीचा वेगळा मोड नसेल, तर रंग न सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी वरात ताडी प्यायल्यासारखी लालबुंद दिसते.

तिसरी गोष्ट आकार. चोवीस इंचाला फुल एचडी पुरतं, एका इंचात ९२ पिक्सेल बसतात. तेच फुल एचडी सत्तावीस इंचावर ताणलं की ८२ उरतात, आणि डोळ्यांतली तीक्ष्णता तपासताना फोटो हलला की पडदा खरखरीत, तेच कळत नाही. सत्तावीस हवाच असेल तर २५६० बाय १४४० घ्या, तिथं १०९ बसतात. पैसे मोजकेच असतील तर चांगला चोवीस घ्या, फसवा सत्तावीस नको.

ज्याचे पैसे देऊ नका तेही सांगतो. १४४ हर्ट्झ खेळणाऱ्यांसाठी, तुमचा फोटो जागचा हलत नाही. वक्र पडद्यावर बारा बाय छत्तीसच्या शीटच्या सरळ रेघा वाकड्या वाटतात. 'एक कोटीला एक' असा कॉन्ट्रास्ट म्हणजे पाठीमागचा दिवा कमी-जास्त करायची करामत. साध्या आयपीएसचा खरा आकडा हजाराला एकच्या आसपास असतो आणि तो कामाला पुरतो. त्यापेक्षा वर-खाली होणारा स्टँड घ्या, मान वाचेल.

नवा परवडत नसेल तर कंपन्यांतून निघालेले जुने चांगले आयपीएस मॉनिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळतात. पण घेण्याआधी पूर्ण पडदा पांढरा करून बघा. एक कोपरा पिवळा आणि दुसरा गुलाबी असेल तर हात जोडून बाहेर पडा.

मॉनिटर घरी आला म्हणजे काम झालं असं नाही, निम्मं झालं. तो अर्धा तास तापू द्या. आपोआप उजेड बदलणारा प्रत्येक पर्याय बंद करा, संध्याकाळी पडदा पिवळा करणारा 'नाइट लाइट' आधी. पांढऱ्याचं तापमान ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० ते १२० निट्सवर. हा आकडा मोजायला यंत्र नसेल तर साधी युक्ती: खोलीच्या उजेडात पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत उजेड खाली आणा. पहिले दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल. मेलेला नसतो, आपले डोळे सोकावलेले असतात.

रंग मोजणारं कॅलिब्रेटर महाग वाटतं, पण ते महिन्यातून एकदाच लागतं. आम्ही चार फोटोग्राफरांनी वर्गणी काढून एक घेतलं, ते गावात ताकाच्या रवीसारखं फिरतं. त्याच्या जोडीला डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर आहे. आणि यंत्र असो वा नसो, नव्या मॉनिटरवरचा अख्खा अल्बम कधी एकदम लॅबला धाडू नका. चेहरे, पांढरं, काळं आणि दोन-चार साड्या असलेली एकच शीट 'करेक्शन नको' सांगून छापून घ्या आणि पडद्याशेजारी धरा. शंभर-दीडशे रुपयांत मॉनिटरची खरी परीक्षा होते.

शेवटी मी घेतला तो साधा, काळा, चोवीस इंची आयपीएस, दुकानात ज्याच्याकडं वळूनही पाहिलं नव्हतं तसलाच. लावला, तापू दिला, मोजून घेतला. मग त्यावर सर्वांत आधी लग्नाची ती जुनी, मीच बिघडवलेली फाइल उघडली.

पैठणी चॉकलेटी दिसली. मॉनिटर मला तिथंच पटला.