मुके शरीर बोलते

मारहाणीचे वळ आधी तांबडे-निळे दिसतात. पुढे ते हिरवट व शेवटी पिवळे होतात. त्यांवरून मार साधारण केव्हा लागला, याचा अंदाज डॉक्टर करतात. न्यायाच्या कामी येणाऱ्या या विद्येला न्यायवैद्यकशास्त्र म्हणतात.

डिसेंबर २००२ मध्ये परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस याला घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, की अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पारनेर तालुक्यात गाडीला अपघात झाला व तो पळाला. घरच्यांना हे पटले नाही. त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे सीआयडीने तपास करून चार पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला. परंतु ख्वाजाचा मृतदेह सापडला नाही. शरीरच नसेल, तर डॉक्टर काय तपासणार?

म्हणून कोठडीतील माणसाची तपासणी तो जिवंत असतानाच व्हायला हवी. ती दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावले. डॉक्टरांनी निर्भयपणे खरे लिहिले, तर तो कागद मुक्या शरीराची साक्ष ठरतो.

शब्दार्थ : वळ – माराची खूण, कोठडी – हवालात, दाद मागणे – न्याय मागणे.

प्रश्न : कोठडीतील माणसाची वेळोवेळी तपासणी का करावी?