कासला जाताय? आधी मंडईत मेथी पाहा

कसबा पेठेतून कास पठारावर निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी मंडईतून मुळांसकट मेथीची ताजी जुडी आणा. मुळं हलक्या हाताने धुऊन उजेडात धरा. बऱ्याच रोपांवर बारीक, पांढुरक्या गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. गाठ जिवंत असेल तर आत गुलाबी निघते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कुठल्याही झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले रायझोबियम जिवाणू ती पकड सोडवून त्याचा अमोनिया करतात, आणि झाड त्यांना साखर पुरवतं. गुलाबी रंग ही काम चालू असल्याची खूण. हे घरीच पाहून घ्या, कारण पठारावर एकही रोप उपटायचं नाही.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा तिथल्या फुलांचा हंगाम. कसबा पेठ स्थानकातून मेट्रोने स्वारगेट, तिथून साताऱ्याची एसटी, पुढे कास साधारण २५ किलोमीटर. प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी आधीच करा आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळाच. भिंग मात्र विसरू नका.

कास म्हणजे जांभ्याचा सडा. माती जेमतेम, त्यातलंही पोषण पावसात वाहून जातं. इथे नायट्रोजन मिळवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके दिसले की तो कवला. तो मेथीच्याच कुळातला, त्याचं काम मुळांवरच्या गाठींतून चालतं. दवबिंदू नावाच्या रोपाला गाठी नाहीत. वाटेच्या कडेला उकिडवे बसा आणि भिंगातून त्याची पानं बघा : लालसर केसांच्या टोकांवर चिकट थेंब आणि बहुतेक वेळा त्यात अडकलेलं एखादं चिलट. त्याचा बराचसा नायट्रोजन हवेतून नाही, त्या चिलटातून येतो. जांभळ्या गालिच्यासारखी पसरलेली सीतेची आसवंही शिकारीच, पण त्यांचे सापळे ओल्या मातीत दडलेले असतात. ओल्या कातळावरचा काळपट-हिरवा थर तुडवू नका. एक तर पाय घसरतो, शिवाय त्यातले काही नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून त्या उघड्या दगडावर माती घडवायला हातभार लावतात.

ही सगळी चिमुकली मंडळी तिथे टिकली आहेत ती जमीन गरीब आहे म्हणून. खत मिळालं की उंच गवत माजतं आणि त्यांचं ऊन अडवतं. म्हणून उरलेला वडापाव, फळांची सालं ‘कुजून जातील’ म्हणत पठारावर टाकू नका. डब्यात भरून परत आणा, आणि फोटोसाठी आखलेली वाट सोडू नका.