द्राक्षवेलीवर पारखा, मग फोनमध्ये ठेवा

संडे स्कूलचा वर्ग असो, युवकसंघ असो की रविवारचा उपदेश, बायबल अभ्यासाचं साहित्य आता फुकट मिळतं. इतकं मिळतं की फोन भरतो आणि अभ्यास तसाच राहतो! म्हणून आज मोजकंच घेऊ: एक मराठी बायबल, शब्दांचे क्रमांक असलेलं एक इंग्रजी बायबल, त्याचे कोश, एक संदर्भसूची आणि एक भाष्य. जमेल ते योहानाच्या १५ व्या अध्यायावर तपासून घ्यायचं. तासगावच्या माणसाला द्राक्षवेल कुणी समजावून सांगायला नको, आणि ओळखीच्या विषयावर पुस्तकाचा कस लगेच कळतो.

अँड्रॉइड फोन हातात घ्या. चला.

१. फोनमधली जागा बघा. एक जीबी मोकळी असली तर भरपूर झाली. नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओ उडवा. घरच्यांचे फोटो उडवाल तर ऐकून घ्यावं लागेल.

२. प्ले स्टोअरमधून अँडबायबल हे अ‍ॅप घ्या. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि पुस्तकं एकदा उतरवली की वाचायला नेट लागत नाही. मिळत्याजुळत्या नावाची बरीच अ‍ॅप दिसतील. उघडल्या उघडल्या जाहिरात आली तर समजा, भलतंच घेतलंत.

३. मेनूमधलं ‘डाउनलोड डॉक्युमेंट्स’ उघडा. यादी यायला वेळ लागतो. मध्येच मागे जाऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

४. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. काहीच दिसलं नाही तर यादी ताजी करा.

५. ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’, म्हणजे आयआरव्ही, शोधून तिचा परवाना वाचा. ही पायरी सगळे गाळतात, आणि पुढे वर्गासाठी कागद छापायची वेळ आली की अडतात. आयआरव्ही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे: श्रेय द्या, मजकुरात बदल केलात तर तसं सांगा, बदललेलं वाटताना परवाना तोच ठेवा, की छापायला आणि वाटायला मोकळीक. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आर.व्ही. ही मराठी आवृत्ती यूव्हर्जनच्या बायबल अ‍ॅपवर फुकट वाचता येते, पण तिचे हक्क सोसायटीकडे आहेत. फुकट वाचायला मिळालं म्हणून गठ्ठ्याने झेरॉक्स काढायची परवानगी मिळाली, असं होत नाही. तुमच्या मंडळीत आर.व्ही. वाचत असतील तर यूव्हर्जनही खुशाल ठेवा. मुलांना पाठांतर मात्र एकाच आवृत्तीतून द्या.

६. आयआरव्ही उतरवा.

७. स्तोत्रसंहिता ११९ उघडून थेट तळाशी जा. शेवटचं वचन १७६ वं हवं. कमी भरलं तर प्रत अर्धवट आहे; काढून टाका. जोडाक्षरं तुटलेली किंवा नुसते चौकोन दिसले तरी तेच करा. (मत्तय १७:२१ सापडलं नाही म्हणून मात्र घाबरू नका, काही आवृत्त्या ते वचन तळटीपेत देतात.) आयआरव्हीत ६६ पुस्तकं आहेत. तुम्ही कॅथलिक असाल आणि मक्काबी, सिराख हवे असतील तर त्यासाठी वेगळी आवृत्ती लागेल.

८. शोधाची सूची बनवू द्या. पहिल्यांदा शोधायला गेलात की अ‍ॅप स्वतःच विचारतं. ती पुरी होईपर्यंत फोन बाजूला ठेवा.

९. ‘द्राक्षमळा’ शोधा. यशया ५ आणि मत्तय २० हाती लागले पाहिजेत. नाही लागले तर ‘द्राक्षमळ्यात’, ‘द्राक्षमळ्याचा’ अशी रूपं टाका. मराठी शब्द विभक्ती लागली की बदलतो आणि शोध तिथेच फसतो. बेदाण्याचंही तसंच. अबीगईलने दाविदाकडे नेलेले शंभर घड १ शमुवेल २५:१८ मध्ये आहेत, पण सौद्यातला ‘बेदाणा’ हा शब्द बायबलात असेलच असं नाही. मनुका, खिसमीस असं आलटूनपालटून पाहा.

१०. पुन्हा डाउनलोडच्या यादीत जाऊन भाषा इंग्रजी करा. आता यादी लांबलचक होईल. मोहात पडू नका!

११. किंग जेम्स व्हर्जन, म्हणजे केजेव्ही, उतरवा, स्ट्राँगच्या क्रमांकांची, म्हणजे मूळ ग्रीक-हिब्रू शब्दांचे क्रमांक असलेली. साधी केजेव्ही इथे उपयोगाची नाही.

१२. स्ट्राँगचा ग्रीक कोश उतरवा. हा नसेल तर क्रमांक दिसतील, अर्थ उघडणार नाही.

१३. हिब्रू कोशही घ्या. जुन्या कराराला तोच लागतो.

१४. केजेव्हीत स्ट्राँगचे क्रमांक चालू करा.

१५. योहान १५:२ मध्ये छाटणीच्या क्रियापदाजवळच्या क्रमांकावर बोट ठेवा. तो २५०८ असायला हवा आणि कोश उघडायला हवा. नाही उघडला तर बारावी पायरी राहिली.

१६. ‘ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज’ ही संदर्भसूची उतरवा. योहान १५:१ ला ती यशया ५ आणि स्तोत्र ८० कडे धाडते. माझ्या मते सगळ्या फुकट साधनांत हिची किंमत मोठी: इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, कारण नुसते संदर्भ असतात, आणि ते तुम्ही मराठीत वाचता.

१७. भाष्य एकच निवडा. मॅथ्यू हेन्री पाल्हाळ लावतात, पण उपदेशाला साहित्य भरपूर देतात. जेमिसन, फॉसेट आणि ब्राउन यांचं १८७१ चं भाष्य आटोपशीर. वर्ग घेणाऱ्याने हे घ्यावं. ठरत नसेल तर दोन्ही भाष्यांतलं योहान १५:२ वाचा. ऑक्टोबर छाटणीला उभं राहिलेल्या माणसाला कोणती काडी ठेवायची नि कोणती काढायची, हा प्रश्न पडतोच. भाष्यकार त्या प्रश्नापाशी थांबतो की हात झटकून पुढे जातो, ते बघा. ग्रुपवर फिरणाऱ्या नव्या, महागड्या भाष्यांच्या फाइली घेऊ नका. त्या बहुधा चोरीच्या असतात, आणि सोबत काय येईल याचा नेम नाही.

१८. अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून दुसरी खिडकी उघडा. वर आयआरव्ही, खाली भाष्य. छोट्या पडद्यावर तिसरी खिडकी उघडाल तर एकही ओळ धड दिसणार नाही.

१९. वचन दाबून धरून पहिली टीप लिहा. कीबोर्ड मराठी करून घ्या. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी पुढे शोधताना सापडत नाही.

२०. मेनूतून बॅकअप काढा. फाइल त्याच फोनमध्ये ठेवलीत तर फोन बिघडला की तीही गेली. स्वतःलाच मेल करा.

२१. फोन विमान मोडवर टाका आणि योहान १५ उघडा. मराठी मजकूर, भाष्य आणि कोश तिन्ही उघडले तर रविवारी रेंज गेली तरी वर्ग चालेल. एखादं अडलं तर तेवढंच पुन्हा उतरवा. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही.