जुन्या कॅमेऱ्याची झडप : दोष कसा ओळखावा

घड्याळ बंद पडले तर ते तत्काळ ध्यानात येते. शिवणयंत्राचा दोरा तुटला तर शिवणाऱ्याचा हात आपोआप थांबतो. फिल्मच्या कॅमेऱ्यातील बिघाड मात्र बहुधा उशिरा उघडकीस येतो. कळ दाबली जाते, नेहमीचा आवाज होतो, आणि छत्तीस चित्रे घेऊन फिल्म धुतल्यानंतर दिसते की कित्येक चित्रांची एक बाजू काळवंडून गेली आहे. शाळेच्या क्रीडासंमेलनातील शर्यत चित्रासाठी पुन्हा भरविता येत नाही. सबब झडपेतील, म्हणजेच ‘शटर’मधील दोष वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. तो ओळखण्यासाठी एकही स्क्रू फिरविण्याची आवश्यकता नसते. दोषाची खूण फिल्मवर उमटलेली असते आणि ती वाचता आली पाहिजे, एवढेच.

दोन पडदे आणि एक फट

उदाहरणादाखल ‘लायका’ या प्रसिद्ध कॅमेऱ्याची झडप घेऊ. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक (१८७९–१९३६) या यंत्रज्ञाने या छोट्या कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला. १९२५ मध्ये तो विक्रीस आला. त्यावर उमटणारे चित्र २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असते.

या कॅमेऱ्याची झडप फिल्मच्या अगदी पुढे असते. रबराचा लेप दिलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे रुळांवर गुंडाळलेले असतात व स्प्रिंगा त्यांना ओढतात. कळ दाबताच पहिला पडदा धावू लागतो आणि फिल्म उघडी पडते. ठराविक काळाने दुसरा पडदा त्याच दिशेने निघतो आणि फिल्म झाकतो. वेळ अत्यल्प असेल तेव्हा पहिला पडदा पलीकडे पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघालेला असतो. अशा वेळी संपूर्ण फिल्म एकदम उघडी कधीच नसते. दोन पडद्यांमधील एक उभी फट तिच्यावरून सरकत जाते.

पुढील चित्रासाठी फिल्म सरकविताना हे पडदे परत मूळ जागी येतात. प्रारंभीच्या नमुन्यांत या वेळी फट झाकली जात नसे. म्हणून भिंगावर टोपण घालावे लागे. १९२५ च्या कॅमेऱ्यात पडद्यांच्या कडा परतताना एकमेकींवर चढतील अशी योजना झाली आणि टोपणाची गरज उरली नाही. त्या कॅमेऱ्यात १/५०० सेकंदापर्यंतची वेळ साधता येई. १९३५ च्या ‘लायका ३ अ’ या प्रकारात ती १/१००० सेकंदापर्यंत आली.

एक सोपा हिशेब

सोयीसाठी असे समजू की, पडदा ३६ मिलिमीटरचे अंतर १/५० सेकंदात व एकसारख्या गतीने तोडतो. म्हणजे त्याचा वेग सेकंदास १८०० मिलिमीटर झाला. फिल्मच्या कोणत्याही बिंदूवर १/१००० सेकंद प्रकाश पडावयाचा, तर फट १८०० भागिले १०००, म्हणजे १.८ मिलिमीटर रुंद हवी. १/६० सेकंदासाठी हीच फट ३० मिलिमीटर रुंद लागेल. पडद्याचा वेग दोन्ही वेळी सारखाच आहे. बदलते ती केवळ फटीची रुंदी.

आता पहिला पडदा जरासा रखडला आणि दुसऱ्याने धावेच्या शेवटापर्यंत त्याच्यावर १ मिलिमीटरची आघाडी मिळविली, असे धरा. १/६० सेकंदाच्या वेळी ३० मिलिमीटरची फट २९ झाली. हा फरक डोळ्यास दिसणार नाही. परंतु १/१००० सेकंदाच्या वेळी १.८ मिलिमीटरची फट ०.८ वर आली. चित्राच्या त्या कडेस योग्य प्रकाशाच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश मिळाला. आघाडी २ मिलिमीटरची असेल तर दुसरा पडदा पहिल्यास वाटेतच गाठतो, फट मिटते, आणि चित्राचा उरलेला भाग काळा राहतो.

मंद वेळांना कॅमेरा निर्दोष वाटतो आणि शीघ्र वेळांनाच चित्रे बिघडतात, याचे कारण हेच होय. दोष सर्व वेळी सारखाच असतो. अरुंद फटीत तो दिसतो इतकेच.

खुणा कशा वाचाव्यात

फिल्मवर प्रकाश कमी पडला की निगेटिव्ह पारदर्शक राहते आणि छापलेले चित्र काळे येते. प्रकाश अधिक पडला की उलट घडते. हे स्मरणात ठेवून छापील चित्रे पाहावीत.

शीघ्र वेळेच्या चित्रात एका बाजूकडे अंधार क्रमाने वाढत गेला असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे पडद्यांच्या वेगात तफावत आहे असे समजावे. पडद्याची धाव जेथे संपते त्या कडेस अरुंद व अधिक उजळ पट्टा दिसला, तर दुसरा पडदा आपटून किंचित मागे उसळत असावा. तेथे त्यास थांबविणाऱ्या अटकावाकडे लक्ष द्यावे लागते. पांढरे ठिपके दिसल्यास पडद्यास छिद्र पडले असण्याचा संभव आहे. भिंग सूर्याकडे रोखले गेले तर सूर्याचे बिंब पडद्यावर एकवटून कापड जळते. एक सेकंद किंवा अर्धा सेकंद अशा वेळांनाच झडप अडकून राहत असेल, तर दोष बहुधा पडद्यांत नसून त्या वेळा मोजणाऱ्या स्वतंत्र दंतचक्रांत असतो.

पडताळा

अनुमान प्रयोगाने पडताळून पाहावे. ढगाळ दिवशी एकसारखा उजेड पडलेली पांढरी भिंत निवडावी व निरनिराळ्या वेळांनी तिची चित्रे घ्यावीत. वेळ निम्मी केली की भिंगाच्या छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट करावे, म्हणजे सर्व चित्रे सारखी उजळ यावीत.

येथे दोन शंका संभवतात. भिंतीचीच एक बाजू अंधारी असेल तर? यासाठी प्रत्येक वेळेचे दुसरे चित्र कॅमेरा उलटा धरून घ्यावे. अंधार भिंतीचा असेल तर तो निगेटिव्हच्या विरुद्ध कडेस जाईल. झडपेचा असेल तर पूर्वीच्याच कडेस राहील. दुसरी शंका भिंगाविषयी. छिद्र पूर्ण उघडले असता कित्येक भिंगांत चित्राचे कोपरे मंद येतात. परंतु ते चारही कोपरे सारखेच मंद असतात. एकाच बाजूचा अंधार भिंगाकडून सहसा येत नाही.

उपाय आणि एक मोह

पहिला पडदा का रखडतो? कित्येक दशकांनंतर रुळांच्या टोकांवरील तेल घट्ट होते, त्यात धूळ मिसळते, पडद्याचे कापडही ताठ होते. थंड पहाटे चित्रे बिघडतात व दुपारी ठीक येतात असा अनुभव असेल, तर घट्ट झालेल्या तेलाचा संशय बळावतो. कारण थंडीत तेल अधिकच दाट होते.

अशा वेळी पहिल्या पडद्याची स्प्रिंग आवळण्याचा मोह होतो. त्यामुळे काही दिवस चित्रे सुधारतातही. परंतु रखडण्याचे कारण तसेच राहते. त्यात जुन्या कापडावर, त्याच्या फितींवर आणि दंतचक्रांवर ताण वाढतो. फटीतून नवे तेल सोडणे तर त्याहूनही घातक; ते पडद्यांवर पसरते आणि कापड खराब करते. योग्य क्रम असा : प्रथम जुने तेल काढून टाकावे, मग टोकांवर अत्यल्प बारीक तेल द्यावे, आणि शेवटी पडदे एकसारखे धावतील इतकाच, किमान ताण स्प्रिंगांना द्यावा. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. पण कारागिराकडे जाताना ‘कॅमेरा बिघडला’ एवढेच सांगण्याऐवजी परीक्षेची निगेटिव्ह सोबत न्यावीत, म्हणजे त्याचे निम्मे काम झालेलेच असते. दुरुस्तीनंतर त्याच भिंतीची पुन्हा चित्रे घ्यावीत आणि कडा उजळल्या तरच महत्त्वाच्या प्रसंगी त्या कॅमेऱ्यावर विसंबावे.

स्वाध्याय : वरील हिशेबात वेळ १/५०० सेकंद असून दुसऱ्या पडद्याची आघाडी १ मिलिमीटर असेल, तर धावेच्या शेवटी फट किती रुंद राहील? तेथे शेकडा किती प्रकाश कमी पडेल?