घरात मांजर आलं, आता कुंड्यांचं काय?

प्रश्न : आम्ही नुकतंच मांजराचं पिल्लू घरी आणलं आहे. गॅलरीत पंधरा-वीस कुंड्या आहेत आणि ते दिसेल ते पान चावतं. सगळी झाडं काढून टाकावी लागतील का?

उत्तर : सगळी नाही. पान चावणं हा मांजराचा स्वभावच आहे, त्यासाठी त्याला रागावू नका. कोणतं झाड घरात नकोच, कोणतं उंचावर चालेल आणि कोणतं बिनधास्त ठेवावं, एवढं मात्र नीट समजून घ्या.

सर्वांत आधी लिली. वाढदिवसाच्या बुकेत येते ती मोठी ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली आणि बागेतली डे लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी असतं. अंगावर सांडलेले पराग मांजर चाटून साफ करतं आणि तेवढंही पुरतं. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, ते खात नाही, मलूल होतं. मग उलट्या थांबतात आणि घरच्यांना हायसं वाटतं. खरा धोका इथेच आहे, कारण आत मूत्रपिंडं बिघडत असतात आणि एक ते तीन दिवसांत ती काम थांबवतात. साधारण 18 तासांच्या आत सलाइन सुरू झालं, तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. म्हणून लिली चावल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नका. मांजर असलेल्या घरी लिलीचा बुके नेऊही नका.

सायकसही घरात नको. त्याचा प्रत्येक भाग, विशेषतः बिया, यकृतावर घाला घालतो. कण्हेर, अडेनियम, पानफुटी आणि कलांचो यांतली द्रव्यं हृदयाची लय बिघडवतात.

मनी प्लांट, डायफेनबेकिया, सिंगोनियम, मॉन्स्टेरा आणि पीस लिली हा गट वेगळा. कच्च्या अळूनं घसा खाजतो, तो ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच या झाडांत असतात. अळूवडीला आपण चिंच लावतो ती याचसाठी. पान चावताच मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, ते पंजानं तोंड चोळतं. त्रास पुष्कळ होतो, पण जिवावर बेतणं विरळा. पीस लिली नावापुरतीच लिली आहे, तिनं मूत्रपिंडं जात नाहीत. कोरफड आणि स्नेक प्लांटनं उलट्या-जुलाब होतात. ही झाडं छताला टांगा आणि लोंबणाऱ्या वेली छाटत राहा. नुसत्या उंच फळीचा उपयोग नाही, मांजर तिथे सहज उडी मारतं.

स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया आणि आफ्रिकन व्हायोलेट विषारी नाहीत. तरी खूप पानं खाल्ली, तर एखादी उलटी होऊ शकते.

पिल्लाला त्याची स्वतःची कुंडी द्या. घटस्थापनेला पेरतो तसे मूठभर गहू पसरट कुंडीत पेरा. आठ-दहा दिवसांत हिरवं गवत तयार होतं. ते चावायला मिळालं, की बाकीच्या झाडांकडचा ओढा बराच कमी होतो. कुंडीतली माती उकरत असेल, तर वर मोठे गोटे पसरा. पर्मेथ्रिन असलेलं कीटकनाशक मात्र झाडांवर मारू नका, ते मांजराला फार घातक आहे.

विषारी पान खाल्लंच, तर तोंडातले तुकडे अलगद काढा. केसांवर पराग असतील, तर ओल्या फडक्यानं पुसा आणि त्याला अंग चाटू देऊ नका. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. दूध पाजल्यानं विष उतरत नाही. झाडाची फांदी किंवा फोटो आणि खाल्ल्याची वेळ घेऊन तडक पशुवैद्यांकडे जा. नाव कळलं, की उपचाराची दिशा लगेच ठरते.

म्हणून आज एवढं करा : गॅलरीतल्या प्रत्येक झाडाचं नाव शोधून कुंडीवर चिकटवा आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावा. नाव माहीत नसलेलं झाड, ते कळेपर्यंत, पिल्लाच्या वाटेत ठेवू नका.